मशीनमध्ये धुतलेल्या टॉवेलला कुबट वास का येतो, आणि पावडर कोणती, किती घालावी

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे, तीन वर्षं झाली. कपडे वाळल्यावर ठीक वाटतात, पण टॉवेल अंगाला लावून जरा ओला झाला की कुबट वास सुटतो. पाणी कधी नगरपालिकेचं, बरेचदा बोअरचं. पावडर बादलीत कपडे भिजवायची तीच वापरतात, कारण फेस आल्याशिवाय कपडे निघाले असं सासूबाईंना वाटत नाही. वास जावा म्हणून हल्ली सॉफ्टनर दुप्पट घालतात. मेकॅनिकने दाराचं रबर बदलायला सांगितलंय. रबर बदलावं, की महागाचं लिक्विड आणावं?

ताई, आत्ता रबर बदलू नका. नवं रबर बसवलं तरी हीच पावडर आणि हाच सॉफ्टनर चालू राहिला तर दोन-तीन महिन्यांत वास परत येईल. तुमचा वास रबरापुरता नाही, तो टॉवेलच्या धाग्यात आणि ड्रमच्या मागे साठलेल्या मळात आहे. हा मळ म्हणजे अंगाचं तेल, न निघालेली पावडर, सॉफ्टनरचा मेणचट थर, कपड्यांची लव आणि बोअरच्या पाण्यातला चुना, सगळं एकत्र. त्यावर जिवाणू वाढतात. कपडा कोरडा असेपर्यंत ते गप्प असतात, ओल मिळाली की जागे होतात. म्हणून वाळलेला टॉवेल हुंगला तर काही कळत नाही आणि आंघोळीनंतर मात्र वास येतो.

इथे आपल्याकडचा एक पक्का समज आधी दूर करतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, गच्चीवर टाकलेला कपडा अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. एवढ्या उन्हात जंतू राहतीलच कसे, असं सगळे म्हणतात. पण जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागचा एक जिवाणू शोधून काढला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा, आणि तो वाळवण्याला आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही असं त्यांना दिसलं. ऊन चांगलंच, ते सोडू नका. पण धाग्यात राहिलेलं तेल आणि साबण ऊन काढत नाही. ते पाण्यातच निघायला हवं.

आता पावडरीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

फ्रंट लोड मशीन पाणी फार कमी घेतं. ड्रम फिरताना ओले कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो, त्या आपटण्यानेच मळ निघतो. बादलीची पावडर भरपूर फेस करण्यासाठीच बनवलेली असते. तो फेस ड्रममध्ये भरला की कपडे फेसावर पडतात, आपटले जात नाहीत. मशीनला फेस जास्त झाल्याचं कळलं तर ते मध्येच थांबतं, जादा खंगाळतं, कधी चूक दाखवतं. आणि फेस पाण्यासारखा खाली निघून जात नाही. तो आतला ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या फटीत वर चढतो आणि तिथेच वाळतो. धुणं संपल्यावर काच स्वच्छ दिसते, कपडे स्वच्छ दिसतात, पण मागे थर बसत जातो.

मी दुरुस्तीसाठी असे ड्रम उघडतो तेव्हा पुढून आरशासारखं चकचकीत स्टील असतं. तोच ड्रम उलटा केला की मागच्या तीन हातांच्या आधारावर, ज्याला आम्ही स्पायडर म्हणतो, पिठल्याच्या खरवडीसारखा राखाडी थर चिकटलेला असतो. नखाने ओढला तर पापुद्रा निघतो, खाली ओला, गुळगुळीत, आणि वास तोच, तुमच्या टॉवेलचा. स्पायडर बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्या ओल्या, खारट थराखाली तो हळूहळू पोखरला जातो. वासाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर एक दिवस स्पिनच्या वेळी मशीन धडधडायला लागतं, आणि तो खर्च रबराच्या कितीतरी पट असतो. म्हणून या विषयावर मी एवढं कळकळीने बोलतो.

तेव्हा पाकिटावर फ्रंट लोडसाठी असं स्पष्ट लिहिलेलीच पावडर किंवा लिक्विड घ्या. टॉप लोडचीही चालणार नाही, तिला फ्रंट लोडपेक्षा जास्त फेस येतो. महागातलीच हवी असं मुळीच नाही. फ्रंट लोडची साधी पावडर योग्य मापात घातली तर महागड्या लिक्विडच्या अंदाजपंचे ओतण्यापेक्षा चांगलं काम करते. सासूबाईंना काचेतून एकदा दाखवा: बरोबर मापात पाण्याच्या वर फेसाची पातळ झालर दिसते, एवढंच. काच निम्मी पांढरी झाली तर पावडर जास्त झाली.

माप किती, हे पाण्यावर ठरतं, आणि खानदेशात इथेच गफलत होते. वाघूर, गिरणा किंवा तापीवरून येणारं नळाचं पाणी आणि शेतातल्या किंवा अंगणातल्या बोअरचं पाणी यांत खूप फरक असतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ही मर्यादा पिण्यासाठीची. धुण्यासाठी २०० चं पाणीसुद्धा जडच. क्षार डिटर्जंटचा एक भाग स्वतःच अडवून धरतात, मळाकडे तो पोचतच नाही. मग फेस कमी येतो, आपण आणखी पावडर ओततो, आणि फेस येईपर्यंत ओतत राहतो.

तुमचं पाणी कसं आहे ते घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंघोळीच्या साध्या साबणाचा छोटा कीस टाका, जोरात हलवा. फेस उभा राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तर पाणी मऊ. फेस लगेच बसला आणि पाणी दह्यासारखं फाटलं तर जड. हेच एकदा नळाच्या आणि एकदा बोअरच्या पाण्याने करा, म्हणजे दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसेल. गिझरच्या नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असेल तर बाटलीचीही गरज नाही.

माझं माप सांगतो. सात किलोचं मशीन, ड्रम तीन-चतुर्थांश भरलेला, रोजचे मळलेले कपडे: मऊ पाण्यात पावडर ४० ते ५० ग्रॅम, बोअरच्या जड पाण्यात ६५ ते ७५ ग्रॅम. कपडे याच्या निम्मेच असतील तर पावडर साधारण या मापाच्या सहा दशांश, अगदी निम्मी नको, कारण पाणी निम्मं होत नाही. लिक्विड असेल तर पाकिटावरचं माप घ्या, कारण प्रत्येकाचा दाटपणा वेगळा. एक दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५० ग्रॅम मोजा, तुमच्या चमच्यावर पेनाने खूण करा, की पुढे अंदाज लावायला नको. टाकीत नळाचं पाणी आहे की बोअरचं, ते त्या दिवशी बघून मगच पावडर घाला.

एक उलटी चूकही मी बरेचदा पाहतो. कुणी वाचलं की जास्त पावडर वाईट, की ते एकदम एका चमच्यावर येतात. कमी पावडरीत अंगाचं तेल आणि स्वयंपाकाचं तेल सुटतच नाही. आपल्याकडे शेवभाजीची तर्री, भरताचं तेल, लोणच्याचा खार, सगळं बाहीला लागतं. ते पाण्यात तरंगून परत कपड्यावरच बसतं, पांढरे शर्ट करडे होतात आणि वास तोच सुरू होतो. जास्तीत साबण उरतो, कमीत तेल उरतं. दोन्ही जिवाणूंचं खाद्यच.

पावडर की लिक्विड, याचं माझं उत्तर: पांढरे कपडे, टॉवेल, चादरी यांना पावडर, रंगीत आणि नाजूक कपड्यांना लिक्विड. काही पावडरींत ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, घटकांत सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. ते लिक्विडमध्ये टिकत नाही, म्हणून लिक्विडमध्ये सहसा नसतं. वासाचं मूळ मारायला ते फार उपयोगी आहे, आणि ते ४० अंशांच्या पुढे, ६० च्या आसपास खरं काम करतं. हिवाळ्यात धुळे-जळगावकडे पहाटे टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा थंड प्रोग्रॅमवर पावडर नीट विरघळत नाही आणि ट्रेमध्ये गठ्ठा होतो. तेव्हा एक तर लिक्विड वापरा, नाहीतर हीटर चालू करा.

हीटर म्हटल्यावर विजेच्या बिलाचा विषय येतो, मला माहीत आहे. रोज नको. पण आठवड्यातून एकदा टॉवेल, बनियन, उशांचे अभ्रे ६० अंशांवर टाका; बहुतेक सुती कपड्यांना ते चालतं, तरी लेबल बघा. तुमच्या घरी जर कायम अर्ध्या तासाचा झटपट प्रोग्रॅमच थंड पाण्यावर चालत असेल, तर वासाचं निम्मं कारण तोच आहे. तो प्रोग्रॅम एकदाच घातलेल्या दोन-चार शर्टांसाठी असतो. उन्हाळ्यात मात्र गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी आपोआप कढत येतं, त्याचा फायदा घ्या. फक्त रक्ताचे किंवा दुधाचे डाग असतील तर ते कपडे सकाळी गार पाण्यात आधी धुवा. गरम पाण्याने ते पक्के बसतात.

सॉफ्टनर बंद करा. टॉवेलला तर कायमचाच बंद. सॉफ्टनर धाग्यावर मेणचट पापुद्रा चढवतो, त्यानेच कपडा मऊ लागतो. टॉवेल मात्र पाणी शोषायचा थांबतो आणि आतला मळ त्या पापुद्र्याखाली अडकतो. दुप्पट घातल्यावर वास काही दिवस सुगंधाखाली दबतो, नंतर दोन्ही एकत्र येतात, आणि ते जास्त असह्य असतं.

टॉवेलमध्ये किती साबण साठलाय ते बघायचं असेल तर एक करा. फक्त टॉवेल ड्रममध्ये टाका, पावडरीचा कणही नको, ६० अंशांवर लावा आणि दहा मिनिटांनी काचेसमोर बसा. काचेवर फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा. दिसेल, याची मला जवळपास खात्री आहे. फेस दिसेनासा होईपर्यंत हाच प्रोग्रॅम परत लावा, मग एकदा परकार्बोनेटवाल्या पावडरीने नेहमीसारखं धुवा. टॉवेल फेकायची गरज पडत नाही.

आता मशीन स्वच्छ करायचं. सुरुवात खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या दारापासून, आत पाणी काढायचा फिल्टर असतो. मशीन बंद, प्लग काढलेला, गरम प्रोग्रॅम नुकताच झालेला नसावा, समोर परात किंवा पसरट भांडं. बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, मग झाकण हळूहळू फिरवा. कपाशीच्या हंगामात शेतावर जाणाऱ्या घरांत इथे लवेचा ओला गोळा आणि खाली काळ्या मातीचा गाळ सापडतो. ब्रशने धुवा, आतली पंख्याची पाती मोकळी फिरते का ते बोटाने बघा. महिन्यातून एकदा पुरे. शेतातले कपडे रोज असतील तर पंधरा दिवसांनी.

पावडरीचा ट्रे पूर्ण बाहेर येतो, मधली खूण दाबून ओढा. सॉफ्टनरच्या कप्प्यातलं टोपण काढा, त्याखाली काळी बुरशी असते. ट्रे जिथे बसतो त्या खोबणीचं छतही जुन्या टूथब्रशने घासा; पाणी तिथूनच खाली पडतं आणि तिथली बुरशी थेट कपड्यांवर येते. दाराच्या रबराची घडी उलटवून खालच्या बाजूने पुसा. वरची बाजू सगळे पुसतात. पाणी, नाणी, केसांच्या पिना खालच्या घडीत असतात.

मग ड्रम रिकामा ठेवून, १०० ते १५० ग्रॅम सोडियम परकार्बोनेट सरळ ड्रममध्ये टाकून सगळ्यात गरम, लांब प्रोग्रॅम लावा. टब क्लीन असेल तर तोच. तेलाचा थर याने सुटतो. दुसऱ्या वेळी काळे पापुद्रे बाहेर येतील, घाबरू नका, ते निघालेच पाहिजेत. सगळे निघेपर्यंत पुन्हा रिकामं फिरवा. चुन्यासाठी आठवड्याने वेगळा प्रोग्रॅम: १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ६० अंश, रिकामा ड्रम. आधी तेलकट थर, मग चुना, हा क्रम ठेवा, कारण तेलाखालच्या चुन्यापर्यंत ॲसिड पोचत नाही. पुढे परकार्बोनेट महिन्यातून एकदा आणि जड पाणी असेल तर ॲसिड तीन महिन्यांतून एकदा पुरतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. दोन्ही एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांना संपवतात, मागे जवळपास साधं खारं पाणी उरतं. त्यात वेळ घालवू नका. आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा: पांढऱ्या कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही ॲसिड, मग ते सायट्रिक असो, व्हिनेगर असो की संडास धुण्याचं, एका प्रोग्रॅममध्ये कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

रोजचं काम थोडं आहे. धुणं झालं की कपडे लगेच बाहेर काढा, दार आणि ट्रे चार बोटं उघडा ठेवा, रबर कोरड्या फडक्याने पुसा. घरात लहान मूल असेल तर मशीनचा प्लग काढा आणि न्हाणीघराचं दार बंद ठेवा, कारण मुलं ड्रममध्ये शिरतात. लोडशेडिंगमध्ये धुणं अर्ध्यावर अडकलं आणि तीन-चार तास ओलं बसलं, तर वीज आल्यावर नुसतं स्पिन करून वाळत घालू नका, थोडी पावडर टाकून परत धुवा.

पाण्याच्या नळीच्या टोकाला, मशीनच्या मागे, बारीक जाळी असते. टँकरचं किंवा पावसाळ्यातलं गढूळ पाणी टाकीत आलं की ती गाळाने बुजते, पाणी हळू भरतं आणि खंगाळणं अर्धवट होतं. सहा महिन्यांनी नळ बंद करून नळी काढा, जाळी पकडीने ओढून धुवा.

कपड्यांना नाही, पण मशीनच्या आसपास गटारासारखा वास येत असेल, तर ती वेगळी गोष्ट. सांडपाण्याची नळी थेट चेंबरमध्ये खोल खुपसलेली असेल तर वायू नळीतून उलटा येतो. नळी वर उचलून, वळण देऊन, पाण्याची सील असलेल्या जाळीत सोडा. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून गावाला गेलात तर आपल्याकडच्या उष्णतेत त्या सीलमधलं पाणी पंधरा-वीस दिवसांत उडून जातं. आल्याबरोबर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की निम्म्या घरांची तक्रार तिथेच मिटते.

शेतावरच्या कपड्यांबद्दल. काळ्या मातीने भरलेली पँट तशीच ड्रममध्ये टाकू नका. अंगणात झटका, बादलीत एक पाणी काढा, मग मशीन. ती चिकणमाती ड्रमच्या मागच्या थरात मिसळली की सिमेंट होते. रावेर-यावलकडे केळीच्या चिकाचे डाग असतात, ते पावडर वाढवून जात नाहीत, त्यासाठी माप वाढवू नका आणि ते कपडे वेगळे ठेवा. फवारणीचे कपडे तर घरच्या कपड्यांबरोबर कधीच नकोत. हातमोजे घालून आधी बाहेर वेगळे खंगाळा, मग मशीनमध्ये एकटेच, आणि नंतर एक रिकामं धुणं.

ज्यांच्याकडे टॉप लोड किंवा दोन टबचं मशीन आहे त्यांना एवढंच: तुमच्यात हीटर बहुधा नसतो, म्हणून पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घाला, लवेची जाळी दर धुण्यानंतर रिकामी करा, आणि वर्षातून एकदा तळाची चकती मेकॅनिककडून उघडून घ्या. मळ तिच्याखालीच असतो.

ताई, हे सगळं महिनाभर करूनही वास राहिला तर मेकॅनिकला परत बोलवा. रबर फाटलेलं असेल, किंवा बुरशी रबराच्या आतपर्यंत गेली असेल आणि घासूनही काळे ठिपके जात नसतील, तर बदलणं रास्तच आहे. तो आला की त्याच्याकडून एवढं मात्र करून घ्या: दार उघडून रिकामा ड्रम काठाला धरून वरखाली हलवायचा. ड्रम टबाबरोबर एकत्र हलला तर ठीक. आतला ड्रम एकटाच खडखडला, तर बेअरिंग आणि स्पायडर उघडून बघायला सांगा, रबराचा विचार त्यानंतर.